किट बांधणारे गल्लोगल्ली, फासे टाकणारे थोडे

प्रश्न असा होता की जपानी लोकांत टेबलटॉप वॉरगेमिंग आणि मॉडेल बनवायचे छंद एवढे पॉप्युलर कसे काय, आणि त्याचा सामुराई, झेन, संयम असल्या गोष्टींशी काही संबंध आहे का. विचारणारे दादा टोकियोला फिरायला आले होते, अकिहाबारात एका मोठ्या दुकानात लिफ्टमधून बाहेर पडले तर अख्खा मजला रणगाडे, जहाजं आणि रोबोंच्या खोक्यांनी भरलेला, आणि ती खोकी चाळत उभे असलेले सगळे चाळिशी-पन्नाशीचे ऑफिसवाले. पोरं शोधूनही सापडेनात. चौदा वर्षांपूर्वी मलाही हेच दिसलं होतं आणि मीही असाच तोंड उघडं टाकून बघत राहिलो होतो.

माझं थोडं सांगतो म्हणजे कुठून बोलतोय ते कळेल. मी मूळचा भोसरीचा टूलरूमवाला, इंजेक्शन मोल्डचं काम, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दाबून भरायचे स्टीलचे साचे, गाड्यांचे प्लास्टिक पार्ट. नंतर जपानी शिकलो आणि शिझुओका प्रांतात नोकरी लागली, अजूनही मोल्डच करतो. किटचा, म्हणजे सुटे पार्ट जोडून मॉडेल बांधायच्या खोक्यांचा नाद इथं आल्यावर लागला, कारण ज्या सेकंडहँड दुकानात भांडी घ्यायला गेलो तिथं शेल्फवर रणगाडे होते. वॉरहॅमर, म्हणजे छोटे सैनिक रंगवून टेबलावर लढवायचा ब्रिटिश खेळ, गेली सात-आठ वर्षं खेळतोय. बायको याला मोठ्या माणसांची भातुकली म्हणते, आणि खरं सांगायचं तर चुकीचं काही बोलत नाही.

आता मुद्दा. तुम्ही दोन छंद एका श्वासात बोललात तिथंच गडबड आहे. जपानमध्ये मॉडेल बांधणं प्रचंड मोठं आहे, पण टेबलावर मिनिएचर, म्हणजे बोटाएवढे सैनिक मांडून, फासे टाकून, मेजर टेपने इंच मोजत लढाया खेळणारे लोक त्यामानाने फार थोडे आहेत. ब्रिटनमध्ये हे दोन्ही एकाच दुकानात वाढलं, म्हणजे माणसं रंगवायची तीच खेळवायची. इथं तसं नाही झालं. इथला माणूस रणगाडा बांधतो, दोन महिने घालवून त्याला चिखल-गंज सगळं लावतो आणि काचेच्या कपाटात ठेवतो, तो रणगाडा कुणाशी लढत नाही.

आणि ते झेनबिन बाजूला ठेवा प्लीज. आमच्या कारखान्यात चाळीस जपानी आहेत, त्यातले किट बांधणारे पाच-सहा, आणि त्यातले तिघं अजिबात संयम नसलेले, ट्रॅफिक सिग्नलला शिव्या घालणारे. संयमाने छंद तयार झाला असता तर आपल्याकडे पैठणी विणणाऱ्यांच्या गावात घरोघरी विमानं लटकली असती. छंद मोठा व्हायला तीन गोष्टी लागतात, चांगला माल, तो परवडण्यासारखा, आणि घरापासून सायकलच्या अंतरावर. हे तिन्ही इथं कसं जमलं ते बघा.

शिझुओका हे मूळ लाकूडकामाचं गाव. तोकुगावा शोगुनांच्या काळात इथली सेन्गेन देवळं बांधायला सुतार, लाखकाम करणारे कारागीर आले आणि त्यातले बरेच इथंच राहिले, असं इथं सगळे सांगतात. मग फर्निचर, बाहुल्या, लाकडी खेळणी. तामिया कंपनीसुद्धा १९४६ साली लाकडाची वखार म्हणूनच सुरू झाली. १९५१ मध्ये आग लागून लाकडाचा साठा जळाला, त्यानंतर १९५३ मध्ये त्यांनी लाकडाचा धंदा सोडून फक्त मॉडेलवर लक्ष दिलं, तेव्हा ती पण लाकडाचीच. पुढे परदेशी प्लास्टिक किट यायला लागली तेव्हा लाकडाला गिऱ्हाईक राहिना. म्हणून १९६० मध्ये त्यांनी पहिलं प्लास्टिक किट काढलं, यामातो युद्धनौका, १/८०० स्केल, म्हणजे खऱ्या जहाजाच्या आठशेव्या भागाएवढी. नेमकं तेव्हाच दुसऱ्या कंपनीने तीच यामातो स्वस्तात आणली, यांना ५०० येनवरून ३५० वर यावं लागलं आणि मोल्डचा खर्च काही निघाला नाही. मोल्डच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, ही गोष्ट वाचताना माझ्या पोटात गोळा येतो. स्टीलचा साचा एकदा कापला की पैसे गेले, मग विकलं जावो न जावो.

त्यानंतर आला पँथर रणगाडा, मोटारवर चालणारा. मिलिटरी मॉडेलवाले जगभर १/३५ स्केल वापरतात ना, ते कुठून आलं माहितीये? आत मोटर आणि बॅटऱ्या बसल्या पाहिजेत म्हणून पँथरचा साईज ठरवला, आणि नंतर मोजलं तर ते साधारण १/३५ भरलं. एवढंच. पुढे १९६८ पासून सैनिक आणि रणगाड्यांची मिलिटरी मिनिएचर सिरीज सुरू झाली ती त्याच स्केलमध्ये, आणि मग बाकीच्या कंपन्यांनाही तेच धरावं लागलं. बॅटरीच्या मापाने जगाचं स्टँडर्ड ठरलं हे मला अजूनही मजेशीर वाटतं.

क्वालिटीबद्दल एक किस्सा फेमस आहे. तामिया कंपनीच्याच घराण्यातले शुनसाकु तामिया यांनी पोर्श ९३४ गाडीचं १/१२ किट करायला खरीखुरी पोर्श ९११ विकत घेतली आणि ती पूर्ण खोलली. ते किट १९७६ ला आलं. आमच्याकडे कस्टमरच्या ड्रॉईंगमध्ये चूक असली तरी लोक फोन करून विचारायला कंटाळतात, आणि हा माणूस किटसाठी गाडी सोलतो.

माझ्या लाईनची गोष्ट म्हणून थोडं जास्त बोलतो, कंटाळा आला तर पुढचा पॅरा वाचा. मी कुठलंही किट उघडलं की आधी पार्ट बघत नाही, इजेक्टर पिनच्या खुणा बघतो. पार्ट साच्यातून ढकलायला पिन लागतात आणि त्यांचे गोल ठसे राहतात. चांगला डिझायनर ते जोडल्यावर आत जातील अशा बाजूला घेतो, आळशी डिझायनर नेमके केबिनच्या दारावर. मग बघतो गेट कुठे दिलाय, म्हणजे पार्ट रनरला, त्या प्लास्टिकच्या चौकटीला, जिथं चिकटलेला असतो ती जागा, पार्टिंग लाईन, म्हणजे साच्याच्या दोन अर्ध्यांची रेघ, कुठून नेलीय, जाड भागात सिंक, म्हणजे खड्डा, आलाय का. गुंडाम रोबोंची किट काढणाऱ्या बांदाई कंपनीचे लोक यात भलतेच पुढे आहेत, एकाच रनरवर चार रंगांचं प्लास्टिक एका शॉटमध्ये मारतात, आणि पार्ट गोंदाशिवाय नुसते दाबून बसतात. दाबून बसणारा पार्ट म्हणजे खेळ नाही, थोडा घट्ट झाला तर फुटतो, थोडा सैल झाला तर हात गळून पडतो. शिवाय हे पहिल्या दिवशी जमून उपयोग नाही, साचा हजारो शॉट मारून झिजल्यावरसुद्धा फिट तसंच राहिलं पाहिजे. मला गुंडामची गोष्ट धड माहीत नव्हती तेव्हापासून मी त्याची किट घेतोय, नुसता मोल्ड बघायला.

हां तर गुंडाम. ही रोबोंची कार्टून सिरीयल १९७९ ला सुरू झाली आणि आधी फारशी चाललीच नाही, ५२ भागांची ठरलेली, ४३ भागांत जानेवारी १९८० ला गुंडाळली. मग पुन्हा प्रक्षेपण झालं आणि त्याच जुलैमध्ये बांदाईने १/१४४ चं किट आणलं, किंमत ३०० येन. पोरांच्या खाऊच्या पैशात बसणारी. त्यानंतर जे झालं ते वेडच होतं, १९८२ साली चिबामध्ये एका दुकानात किटसाठी पळणाऱ्या पोरांची एस्केलेटरवर चेंगराचेंगरी होऊन मुलं जखमी झाली होती. तुम्ही अकिहाबारात जे पन्नाशीचे काका बघितले ना, ते हेच, तेव्हाची तिसरी-चौथीतली पोरं. मध्ये अभ्यास, नोकरी, लग्न यात छंद सुटला आणि पगार स्थिर झाल्यावर परत आले. इथं त्याला शब्दच आहे, देमोदोरी मॉडेलर. देमोदोरी म्हणजे नवऱ्याचं घर सोडून माहेरी परत आलेली बाई. शब्द जुनाट आहे, पण काका लोक स्वतःलाच हसत हसत म्हणतात.

दुसरा शब्द त्सुमिप्ला, म्हणजे घेऊन ठेवलेली, न बांधलेली किटची रास. माझ्या सेक्शनच्या साहेबांकडे तीनशेच्या वर आहेत. रिटायर झाल्यावर बांधणार म्हणतात. मी एकदा हिशोब मांडून दाखवला की महिन्याला एक बांधलं तरी पंचवीस वर्षं लागतील, तर दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

सायकलच्या अंतराचं पण सांगतो. छोट्या गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, सुपरमार्केटच्या खेळण्यांच्या कोपऱ्यात सुद्धा किट, निपर (पार्ट कापायची छोटी पक्कड), रंग मिळतात. एखादा पार्ट हरवला तर तामिया-बांदाईकडून तेवढा पार्ट मागवता येतो, पूर्वी तर माहितीपत्रकातच ऑर्डरचा कागद छापलेला असायचा. घरी स्प्रे मारायला जागा नसेल तर काही दुकानांत तासावर भाड्याने टेबल मिळतं, हवा ओढून घेणारा बूथ आणि एअरब्रशसकट. याची किंमत मला लवकर कळली, कारण पहिल्या वर्षी मी बाल्कनीत ऑलिव्ह ग्रीन मारत होतो आणि शेजारच्या आजींची पांढरी चादर वाऱ्याच्या दिशेला होती. आजी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बिल्डिंगच्या नोटीस बोर्डावर एक अतिशय नम्र कागद लागला, नाव कुणाचं नाही, पण रंगाचा उल्लेख होता.

अजून एक गोष्ट जी बाहेरच्यांना दिसत नाही, कंपन्यांचा आपसातला समजूतदारपणा. १९७१ मध्ये शिझुओकाच्या तामिया, आओशिमा, हासेगावा आणि फुजिमी या चार कंपन्यांनी मिळून १/७०० ची वॉटरलाईन सिरीज काढली. जपानी नौदलाची जहाजं आपसात वाटून घेतली, तू हे कर मी ते करतो, म्हणजे यामातोसारखी एकाच जहाजावर मारामारी नको. फुजिमी नंतर १९९२ ला बाहेर पडली, पण ती सिरीज अजून चालू आहे. एका कंपनीच्या मोल्ड बजेटमध्ये अख्खं आरमार बसलं नसतं हो. मग २०१२ ला मुली रणगाडे चालवतात अशी एक ॲनिमे आली आणि २०१३ ला युद्धनौकांच्या मुली झालेला ऑनलाईन गेम, आणि जुन्या साच्यांतली जहाजं-रणगाडे नवीन स्टिकर लावून परत विकायला लागली. साचे तयारच होते. म्हाताऱ्या मॉडेलरांनी नाकं मुरडली, दुकानदारांनी नाही.

बरं, मग वॉरगेमिंगचं काय? तर ते इथं नव्हतंच असं नाही, हा इतिहास आता इथल्या तरुण पोरांनाही ठाऊक नसतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये बोर्ड वॉरगेमची खरोखर लाट होती. षटकोनी घरांचा नकाशा, पुठ्ठ्याच्या छोट्या चौकोनी सोंगट्या, त्यावर ताकद आणि चालीचे आकडे. एपोक, बांदाई, त्सुकुदा असल्या खेळण्यांच्या कंपन्या असे गेम काढत होत्या, हॉबी जपान अमेरिकन गेम आणत होती आणि टॅक्टिक्स नावाचं मासिकही चालवत होती. सेकिगाहाराची लढाई, मिडवे, रशियन आघाडी, सगळं. त्याला सिम्युलेशन गेम म्हणायचे, आणि गंमत बघा, तेच नाव पुढे कॉम्प्युटर गेमनी उचललं. १९८३ ला नोबुनागा या जुन्या जपानी सरदारावरचा कॉम्प्युटर गेम आला, १९८५ ला दाइसेन्र्याकु नावाचा, त्यात तर षटकोनी घरं तशीच स्क्रीनवर. आकडेमोड मशीन करतं, सोंगट्या सांडत नाहीत, समोर दुसरा माणूस लागत नाही. पुठ्ठ्याच्या गेमचं कंबरडं तिथंच मोडलं. उरलेल्यांना आधी रोल प्लेइंग गेमनी, म्हणजे एकेक पात्र होऊन खेळायच्या गेमनी नेलं, मग १९९६ नंतर पत्त्यांच्या गेमनी, म्हणजे मॅजिक, पोकेमॉन, यु-गि-ओ. तरी पुठ्ठ्याचे गेम मेले नाहीत, कमांड मॅगझिन आणि गेम जर्नल यांसारखी मासिकं अंकासोबत नकाशा-सोंगट्यांसकट पूर्ण गेम देत आलीत, आणि जपानी डिझायनरांचे काही गेम अमेरिकेत परत छापले गेलेत. आम्ही महिन्यातून एकदा नागरी सभागृहातली खोली भाड्याने घेऊन खेळतो. काही शे येन डोक्यावर पडतात. येणारे नऊ-दहा जण, त्यात मी सगळ्यात तरुण, आणि मी त्रेचाळीसचा आहे.

मिनिएचर वॉरगेमिंगची अडचण वेगळी. पहिली जागा. सहा तातामीची (इथं खोली चटयांच्या मापाने मोजतात) खोली म्हणजे जेमतेम शंभर-एकशेदहा स्क्वेअर फूट. वॉरहॅमर ४०,००० च्या पूर्ण खेळाला आत्ताच्या मापाने साधारण पाच फूट बाय पावणेचार फूट टेबल लागतं, पूर्वी सहा बाय चार लागायचं. त्या खोलीत टेबल मांडलं तर खेळणाऱ्याने गॅलरीत उभं राहायचं. मग सगळा खेळ दुकानांवर अवलंबून, आणि दुकान आठ-नऊला बंद. इथल्या नोकरीत आठवड्यातल्या दिवशी साडेसातला सुटलात तरी नशीब, आणि एक गेम तीन-चार तास खातो. पत्त्यांचा डाव वीस मिनिटांत होतो, खिशात मावतो, कुठल्याही दुकानाच्या टेबलावर बसता येतं. मी दुकानदार असतो तर मीही ते टेबल पत्तेवाल्यांनाच दिलं असतं.

दुसरी अडचण मला जास्त खरी वाटते, पण इथले मित्र मान्य करत नाहीत. जपानी मॉडेलरला अर्धवट रंगवलेली फौज टेबलावर आणायची लाज वाटते. पुण्या-मुंबईत जे थोडे खेळाडू मला माहितीयेत ते राखाडी प्लास्टिक, बाटलीची झाकणं, काहीही घेऊन खेळायला बसतात. इथं माणूस पहिले पाच सैनिक इतके सुंदर रंगवतो की उरलेले पंचेचाळीस त्याच तोडीचे करता करता तीन वर्षं जातात आणि नियमांची आवृत्ती बदलते. मग तो म्हणतो जाऊदे, मी फक्त रंगवतो. वॉरहॅमरच्या दुकानात गेलात तर बघा, रंगवायच्या टेबलावर गर्दी, लढाईचं टेबल बऱ्याचदा रिकामं.

वॉरहॅमर काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीला हे कळलं असावं. २०१७ ला त्यांनी स्पेस मरीन हीरोज नावाची लाईन जपानमध्ये काढली, मॅक्स फॅक्टरी या इथल्या फिगर बनवणाऱ्या कंपनीबरोबर. छोटं खोकं, आत कुठला सैनिक आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही, गोंद नको, दाबून बसवा. म्हणजे सरळ इथल्या फिगरवाल्यांच्या, पात्रांच्या छोट्या मूर्ती जमवणाऱ्यांच्या, सवयीला हात घातला. माझ्या ओळखीतले तीन जण तिथून शिरले, त्यातला एक आता टूर्नामेंट खेळतो, दोघं रंगवतात. आणि मागच्या काही वर्षांत छोटे खेळ, म्हणजे आठ-दहा सैनिकांचं किल टीम वगैरे, इथं बरे चालायला लागलेत. कारण उघड आहे, जेवणाच्या टेबलावर मावतं.

खेळायला मात्र हे लोक फार गोड. सुरुवातीला वाकून योरोशिकू ओनेगाई शिमासु (सांभाळून घ्या), संपल्यावर आरिगातो गोझाइमाशिता (धन्यवाद), आणि फासा जरा कशाला टेकून तिरका पडला तर स्वतःला फायद्याचा असला तरी परत टाकणार. मी एकदा चुकून समोरच्याचा सैनिक पाडला, तलवार मोडली. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो तर तोच माझी माफी मागायला लागला, की मी तो टेबलाच्या फार कडेला ठेवला होता.

एक गोष्ट राहिली, गॅरेज किट. घरच्या घरी रेझिन ओतून शंभर-दोनशे प्रती काढणारे हौशी मूर्तिकार. त्यांचा मेळा वंडर फेस्टिव्हल, १९८० च्या दशकाच्या मध्यापासून चालू, वर्षातून दोनदा, सध्या माकुहारी मेस्से या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे एका दिवसाचा परवाना. ज्या कंपनीचं पात्र आहे ती कंपनी हौशी माणसाला फक्त त्या दिवशी, त्या हॉलमध्ये विकायची परवानगी देते, संध्याकाळी परवाना संपला. चोरी पण नाही, कोर्टकचेरी पण नाही. तिथं ओतकाम करणारे पुढे मोठ्या कंपन्यांत मूर्तिकार झालेत. हा धागा माझ्या मते बाहेरून कुणी नीट बघत नाही.

सगळं गुलाबी आहे असंही नाही. गेल्या काही वर्षांत नवीन गुंडाम सकाळी दहाला येतो आणि साडेदहाला संपतो, कारण पुनर्विक्री करणारे दलाल रांगेत उभे. दुकानांनी माणशी एकच अशा पाट्या लावल्यात. त्याच वेळी मुलांसाठी गोष्टी सोप्याही केल्यात, २०२० ला आलेलं एंट्री ग्रेड गुंडाम ७७० येनचं, निपरसुद्धा लागत नाही, हाताने पार्ट निघतात. माझ्या मुलीने सहाव्या वर्षी एकटीने बांधलं. तिच्यामुळे मला आठवलं की दिवाळीत आम्ही किल्ला करायचो तेव्हा मावळ्यांचं स्केल किल्ल्याला कधीच जुळायचं नाही, दरवाज्यापेक्षा पहारेकरी मोठा, आणि कुणाला काही वाटायचं नाही. साहेबांना फोटो दाखवला तर त्यांनी पहिला प्रश्न स्केलचाच विचारला.

दादा, परत आलात तर मे महिन्यात या. शिझुओका हॉबी शो असतो, ट्विन मेस्से या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये, १९५९ पासून चालू आहे. पहिले दिवस व्यापाऱ्यांचे, शनिवार-रविवार लोकांसाठी, आणि त्याच वेळी शेजारच्या हॉलमध्ये मॉडेलर क्लबांचं एकत्र प्रदर्शन, ते कंपन्यांच्या स्टॉलपेक्षा दहापट बघण्यासारखं. आधी नोंदणी लागते का तेवढं त्या वर्षीचं बघून घ्या. टोकियोहून हिकारी किंवा कोदामा बुलेट ट्रेन पकडा, नोझोमी शिझुओकाला थांबत नाही, आमचे दोन पाहुणे सरळ नागोयाला गेलेत. गावात किटच्या रनरसारखी केलेली टपालपेटी दिसेल, तिथं फोटो काढा. आणि लॅकरचे रंग, थिनर, स्प्रे कॅन बॅगेत भरू नका, ज्वलनशील म्हणून विमानतळावर काढून घेतात, हातातल्या बॅगेतही नाही आणि खालच्याही नाही. निपर चेक-इनच्या बॅगेत टाका, रंग पुण्यात पाण्यातले ॲक्रिलिक मिळतात तेच वापरा.